कॅनडावाल्यांना बचत शिकवताना

मी नक्की काय काम करते हे आमच्या गल्लीत बारा वर्षांत कुणाला नीट कळलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही. कुणी विचारलंच तर ‘कॉम्प्युटरचं काम असतं’ एवढं सांगून मोकळी व्हायचे. त्यावरून लोकांचा समज झाला की मी ऑनलाइन फॉर्म भरते. दोनतीन जण शिष्यवृत्तीचे कागद घेऊन आले, आणि ते मी भरूनही दिले. आता ते काम सुटलं आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. पिपरी मेघेत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसून, मी कॅनडातल्या लोकांना पैसे कसे वाचवावेत आणि कुठे गुंतवावेत हे शिकवत होते. कॅनडा मी पाहिलेला नाही. माझ्याकडे पासपोर्टही नाही. माझी स्वतःची बचत पोस्टात आहे.

त्याआधी मी एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. नोकरी कंत्राटी. दरवर्षी जूनमध्ये नवा आदेश निघायचा, आणि एका जूनमध्ये तो निघाला नाही. त्याच सुमारास माझा जुना विद्यार्थी दीपेश भेटला. व्यापारी घरातला मुलगा, नागपुरात त्याची लेखनकामाची कंपनी होती. म्हणाला, ‘मॅडम, तुमची इंग्लिश अच्छी आहे, कॉमर्स तर तुम्हीच आम्हाला शिकवलं. कॅनडाचं काम आलंय. थोडा ट्राय करून पाहा ना.’ ट्राय करायला गेले आणि बारा वर्षं निघून गेली.

काम काय, ते सांगते. कॅनडातला कुणी माणूस इंटरनेटवर विचारतो, पैसे कुठे ठेवू? त्याला उत्तर देणाऱ्या शेकडो साइट आहेत. प्रत्येक साइटला रोज नवा लेख लागतो. तो लेख त्या साइटचा मालक लिहीत नाही. तो टोरांटोतल्या एजन्सीला सांगतो, एजन्सी नागपूरला सांगते आणि नागपूर मला. शब्दावर पैसे. विषयही वरूनच यायचा, कोणता शब्द किती वेळा आला पाहिजे हेही वरूनच. भाजीत मीठ किती हे दुसऱ्यानं सांगायचं आणि चव मात्र आपली लागली पाहिजे, असा तो प्रकार.

त्यातला सगळ्यात जास्त खपणारा लेख म्हणजे यादी. ‘कॅनडियन माणसानं वाचावेत असे पैशाबद्दलचे दहा ब्लॉग.’ असल्या याद्या मी किती केल्या याची मोजदाद नाही. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी सगळं वाचून, पारखून हे दहा काढले असतील. पहिले तीन नागपूरहून ठरूनच यायचे, कारण त्यांनी पैसे दिलेले असायचे. उरलेले सात मी निवडायचे. मी मात्र खरंच वाचायचे. एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. घराचं कर्ज कसं फेडलं, बायकोच्या आजारपणात काय विकलं, काय नाही विकलं, असं साध्या भाषेत दर आठवड्याला लिहायचा. जाहिरात नाही, काही नाही. त्याला मी दरवेळी चौथा नंबर द्यायचे. माझ्या हातात जेवढं वर होतं, तेवढं वर त्याला बसवायचे. त्याला हे कधी कळलं नसेल.

शिकावं बरंच लागलं. तिकडचं स्पेलिंग अर्धं इंग्रजांचं, अर्धं अमेरिकेचं. मे महिन्यात इथे कूलरमध्ये पाणी भरत भरत मी घर गरम ठेवण्याचा खर्च कसा कमी करावा ते लिहायचे. एकदा एका लेखात मी एक लाख डॉलर लिहिताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं दिला, एकनंतर आणि मग पुन्हा दोन शून्यांनंतर. हात सवयीनं चालतो. साइटच्या मालकाचा टोरांटोला फोन, टोरांटोचा नागपूरला, नागपूरचा मला. दीपेश म्हणाला, ‘मॅडम, एक कॉमाने सगळी पोल खोलून टाकली असती.’ तेव्हापासून मी प्रत्येक आकडा तीनतीनदा पाहायचे.

पोल म्हणजे मार्गारेटची. एका साइटसाठी मी सहा वर्षं मार्गारेट होते. निवृत्त शाळामास्तरीण, नवरा बागकाम करणारा, दोन मुलं लांब राहणारी. हे सगळं एजन्सीनं ठरवून दिलं होतं, फोटोसकट. आमच्या यांना त्याची फार मजा वाटायची. संध्याकाळी दारातून हाक यायची, ‘मार्गारेटबाई, चहा भेटंल का?’ मी ठेवायचे.

वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देणं हेही कामात होतं. एका म्हाताऱ्याची बायको गेली होती. सगळे व्यवहार तीच पाहायची, आणि त्याला चेक कुठे ठेवलेत हेही माहीत नव्हतं. मी त्याला पायरीपायरीनं सांगितलं. पुढे तो दर सोमवारी लिहू लागला, पैशाचं थोडं आणि बाकी इकडचं तिकडचं. एकदा त्यानं विचारलं, तुमच्या बागेत ट्यूलिप आले का? मी ट्यूलिप कधी हातात घेतलेलं नाही. लिहिलं, यंदा जरा उशीर झाला. मग एका सोमवारी त्याचं पत्र आलं नाही, पुढच्याही आलं नाही. मी वाट पाहत राहिले. कुणाला विचारणार? कामाचा थकवा म्हणतात तो मला शब्द मोजून कधी आला नाही. असल्या गोष्टींनी मी दमत गेले.

पण मला सांगायचं आहे ते एका लेखाबद्दल.

कॅनडात एक करमुक्त बचत खातं असतं. सरकार दरवर्षी एक मर्यादा ठरवतं, तेवढे पैसे त्यात टाकता येतात आणि त्यावरच्या व्याजावर कर नाही. एखाद्या वर्षी टाकले नाहीत तर ती जागा वाया जात नाही, पुढे जमत जाते. त्यामुळे योजना सुरू झाली तेव्हापासून जो सज्ञान आहे आणि ज्यानं एक पैसाही टाकला नाही, त्याला आज एकदम मोठी रक्कम टाकता येते. मात्र जो दुसऱ्या देशातून आला, त्याची जागा तो आला त्या वर्षापासूनच मोजतात. मर्यादेपेक्षा जास्त टाकलं तर जास्तीच्या रकमेवर दर महिन्याला एक टक्का दंड, ती काढेपर्यंत.

मार्गारेटच्या नावानं मी यावर लेख लिहिला. लेखात शेवटाकडे दोन वाक्यं होती, बाहेरून आलेल्यांनी आपली मर्यादा आल्या वर्षापासून मोजावी म्हणून. दीपेशचा फोन आला, चाळीस शब्द जास्त झालेत. मी म्हटलं, काय काढू? तो म्हणाला, ‘ते नव्या लोकांचं काढून टाका ना. त्याच्यावर अलग आर्टिकल करू, अलग बिल होईल.’ ते वेगळं आर्टिकल कधीच झालं नाही.

दीपेशला दोष देऊन मला सुटता येत नाही. त्यानं सुचवलं, पण लेखात काढण्यासारखं दुसरंही होतं. मी एक परिच्छेद घातला होता, मार्गारेटची आई पिठाच्या डब्यात नोटा कशा लपवायची आणि भाकरीबरोबर एकदा एक नोट कशी भाजली गेली त्याचा. ती गोष्ट माझ्या आईची, भाकरीच्या जागी मी पाव केला होता इतकंच. मला तो परिच्छेद आवडत होता. तो ठेवला आणि ती दोन वाक्यं काढली. कॅनडियन वाचक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तिथेच जन्मलेला माणूस यायचा. आमच्या गल्लीत चार घरांतली मुलं बाहेर आहेत, आणि तरी त्यांच्यातलं कुणी हे वाचेल असं मला सहा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

आमच्या शेजारी शीलाताई राहतात. मूळच्या वडनेरच्या, त्यांचे यजमान भाऊ अजून तिथली शेती पाहतात आणि आठवड्याला ये-जा करतात. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी पिपरीत घर घेतलं. प्रांजलीनं सावंगीला नर्सिंग केलं, लग्न झालं, आणि नवराबायको कॅनडाला गेले. तिथे परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, तोवर ती वृद्धाश्रमात काम करायची. चौथ्या वर्षी तिला दिवस गेले.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. प्रांजलीला येणं शक्य नव्हतं, तर माहेरच तिच्याकडे जाईल असं ठरलं. शीलाताईंनी जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, व्हिसाही झाला. तिकीट आणि तिथला विमा मुलगी काढणार होती. शीलाताईंनी डिंक आणला, खारकांची पूड केली, अळीव निवडून ठेवले. माझ्याकडे येऊन विचारायच्या, ‘मॅडम, विमानात लाडू नेऊ देतेत का? अन् बाळाले तेल लावाले तिथं ऊन भेटन का?’ कॉम्प्युटरवर बसते म्हणून कॅनडाचंही मला माहीत असतं असा त्यांचा समज होता, आणि तो चुकीचा नव्हता.

प्रांजलीला सातवा महिना असताना शीलाताई एका दुपारी आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी येईनात.

‘पोरीले तिकडच्या टॅक्सवाल्यायचं पत्र आलं,’ त्या म्हणाल्या. ‘दंड बसला म्हणते. दोघायनं घरासाठी जमवलेले सारे पैसे तिनं एकाच खात्यात टाकले होते. जास्त झाले म्हणते. पैसे आपलेच, खातं आपलंच, मंग जास्त कसे झाले?’

मला लगेच कळलं कोणतं खातं ते. मी विचारलं, किती दिवस झाले टाकून?

‘दीड वर्ष झालं म्हणते. जावयाचं काम सुटून दोन महिने झाले. आता दंड भरते का माहं तिकीट काढते? ती म्हणते, आई, तू नको येऊ, मी करून घेईन.’ मग त्यांनी फोन पुढे केला. ‘हे वाचून केलं म्हणते तिनं. तुम्ही पाहा जरा, ह्याच्यात काय लिहिलं हाय.’

मी चष्मा लावला. वर फोटो होता, पांढऱ्या केसांची हसरी बाई. खाली पिठाचा डबा.

मी ते सगळं वाचलं. वाचायची गरज नव्हती, पण शीलाताई समोर उभ्या होत्या, म्हणून शेवटपर्यंत वाचलं. म्हटलं, ‘पाहते. अर्ज करता येतो, दंड माफ करा म्हणून.’ त्या गेल्या. संध्याकाळी यांनी दारातून नेहमीची हाक मारली, आणि मी त्यांच्यावर कधी नाही ते ओरडले.

अर्जाची सोय खरंच असते. चूक प्रामाणिक होती आणि कळल्याबरोबर जास्तीचे पैसे काढून घेतले, असं पटवून दिलं तर तिथलं कर खातं दंड सोडू शकतं. प्रांजलीनं पैसे काढले, घरखर्च आणि दंड यांच्यासाठी ते राखून ठेवले, आणि अर्ज मी लिहायला घेतला. बारा वर्षांत हजारो लेख लिहिले, पण त्या दीड पानाला मला चार दिवस लागले. त्यात मथळे नव्हते, ठरवून दिलेले शब्द नव्हते. एक मुलगी अमुक साली आली, तिनं काय वाचलं, काय समजली, पैसे कशासाठी होते, सगळं सरळ लिहिलं. चूक का झाली याचा पुरावा जोडायचा होता. पुरावा म्हणजे तो लेख. माझाच लेख मी जोडला आणि खाली लिहिलं, या लेखात नव्यानं आलेल्यांसाठीची सूचना दिलेली नाही.

ते वाक्य लिहून झाल्यावर गप्प राहणं मला जमेना. मी शीलाताईंकडे गेले. त्या ओट्यावर खोबरं किसत होत्या. अजून जाता येईल अशी आशा त्यांना होती.

मी सांगितलं. आधी त्यांना समजलंच नाही. मार्गारेट म्हणजे मी, हे दोनदा सांगावं लागलं.

‘म्हणजे ती गोरी बाई नाईच?’

‘नाही.’

‘अन् ते तुम्ही लिहिलं?’

‘मीच. नव्या लोकांबद्दल दोन ओळी होत्या. त्या मीच काढल्या.’

त्यांनी किसणी बाजूला ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, कॉलेजात एखादी हुशार मुलगी नापास झाली की तिची आई माझ्याकडे पाहायची तशा.

‘मॅडम, माही पोरगी तिथं हाय हे तुम्हाले माहीत होतं,’ त्या म्हणाल्या. ‘तिचं कॅनडाचं जमलं तेव्हा पेढ्याचा पहिला डबा मी तुमच्या घरी आणला होता. लिहिताना तुम्हाले ती काऊन नाई दिसली?’

शब्द जास्त झाले होते, हे मी त्यांना सांगू शकले नाही. म्हटलं, तिकिटाचे पैसे मी देते. पोस्टातले काढायला किती दिवस लागतात तेही मी बोलून गेले. त्यांनी मान हलवली.

‘तुमचे पैसे घेऊन गेली तर पोरीपाशी बसून मी रोज तेच आठवीन. नाई. राहू द्या.’

मी पुन्हा दोनदा विचारलं. भाऊंनाही विचारलं. ते म्हणाले, ‘तिनं नाई म्हटलं तर नाईच.’ अर्जाचं उत्तर वेळेत आलं तर जाऊ, एवढं त्यांनी मान्य केलं. मी रोज प्रांजलीला विचारायचे, काही आलं का? ती म्हणायची, नाही मावशी, अजून नाई.

उत्तर आलं तेव्हा बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. दंड माफ झाला होता. गल्लीत सगळ्यांना कळलं, मॅडमनं इथं बसून कॅनडा सरकारला पत्र लिहिलं आणि पैसे सोडवले. दोन बायका माझ्याकडे मुलांची कागदपत्रं घेऊन आल्या. शीलाताईंनी कुणाला बाकीचं सांगितलं नाही, आजवर सांगितलेलं नाही. हे छापून आल्यावर कळेल ते कळेल.

बाळंतपण प्रांजलीनं एकटीनं केलं. नवऱ्याला नेमकं त्याच आठवड्यात नवं काम लागलं होतं आणि सुट्टी मिळाली नाही. टाक्यांमुळे तिला बसता येत नव्हतं, बाळ दूध ओढत नव्हतं, आणि ती फोन भिंतीला टेकवून आईला विचारायची, असं धरू का तसं धरू. इकडून शीलाताई उशी घेऊन दाखवायच्या. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. लाडू त्यांनी केलेच नाहीत, डिंक आणि अळीव वडनेरला एका दुसऱ्या बाळंतिणीला देऊन टाकले. तेल लावायला ऊन मिळालं की नाही ते मला कुणी सांगितलं नाही.

त्या दोन ओळी परत घालाव्यात म्हणून मी दीपेशला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, ती साइट तर कबकी विकली गेली. नवी पार्टी मशीनकडून लिहून घेते. मी स्वतः आता दुसरा धंदा पाहून राह्यलो.’ नव्या मालकाला मी चार वेळा लिहिलं. उत्तर नाही. लेख अजून तिथेच आहे. मार्गारेटचा फोटोही आहे. महिन्यातून एकदा मी उघडून पाहते, खाली कुणी नव्या माणसानं काही विचारलंय का म्हणून. विचारलं तरी आता मला उत्तर देता येत नाही, तिथे शिरायचा पासवर्ड त्यांनी बदललाय.

काम थांबलं त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. डोळे थकलेत, बोटं दुखतात. त्या अर्जावरून लोक म्हणतात, घरबसल्या परदेशात नाव केलं. नाव माझं नव्हतंच.

शीलाताई शेवटी गेल्या, नातू नऊ महिन्यांचा झाल्यावर. तिथून त्यांनी एकदा मला फोन लावला. पोरगा अनोळखी माणूस पाहून रडत होता, त्यांच्याकडे जात नव्हता. त्या म्हणाल्या, ‘होईन सवय हळूहळू.’ मग फोन प्रांजलीच्या हातात गेला. तिला आईनं सगळं सांगितलं होतं. मी तिची माफी मागितली. अर्जात लिहिता आलं नव्हतं तेही सगळं बोलले, जसं सुचेल तसं.

ती मला समजावू लागली. चांगली मुलगी आहे, वृद्धाश्रमात काम करून करून तिचा आवाजच मऊ झाला आहे. म्हणाली, ‘मावशी, तुम्ही मनाले लावून नका घेऊ. मी तेव्हा नवीन होती, इथं सांगणारं कोणी नव्हतं, सगळ्या साइटा वाचून डोकं फिरून गेलतं. मंग ती मार्गारेट भेटली. ती आपल्या घरच्या बाईसारखी बोलून राह्यली होती. म्हून मी दुसरं कुठं पाह्यलंच नाई.’